खालची पापणी

प्रसूती विभागात सिस्टरबाईंना तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठीमागे डबाबंदी. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडतही होतं. पावडरच्या दुधाचा डबा घेऊन त्यांच्या वॉर्डाचं दार ओलांडायची तीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. एका आजोबांनी एकदा कोटाच्या आत लपवून आणला. बाईंनी तो सगळ्यांदेखत काढून घेतला आणि वर विचारलं, "हा कुणासाठी? तुम्हाला चहात लागतो का?" आजोबा बिचारे जिन्यातच बसून राहिले.

पण बाई नुसत्या तोंडाळ नव्हत्या हं. दूध उतरत नाही म्हणून रडणाऱ्या पोरीच्या खाटेशी त्या तास तास बसायच्या. खांदे सैल सोड, पाठीला उशी घे, नुसतं टोक नको, बाळाचं तोंड चांगलं मोठं उघडू दे. ओरडायच्या, गोंजारायच्या, पुन्हा ओरडायच्या, आणि बाळ एकदा चुटुचुटु ओढायला लागलं की आपणच जिंकल्यासारख्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

त्यांची आणखी एक सवय होती. सकाळच्या फेरीला प्रत्येक बाळंतिणीची खालची पापणी त्या अंगठ्याने ओढून बघत. "वर बघ गं." पापणी आतून लाल असली की पुढची खाट. फिकी असली की केसपेपरवर खूण आणि लोहाच्या गोळ्या. गोळी उशीखाली सरकवणारीची तर खैर नसे. "रक्त काय बाजारात मिळतं का? गीळ माझ्यासमोर!" तपासणीचा कागद यायच्या आधी बाईंचा अंगठा आकडा सांगायचा, आणि तो फारसा चुकायचा नाही.

तिसऱ्या दिवशी बाया घरी निघाल्या की बाईंचं भाषण ठरलेलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, मध नाही, शेजारणीचा सल्ला नाही. सहा महिन्यांनंतर काय, ते त्या भाषणात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कारण तोवर ती बाळं दुसऱ्या कुणाची असत. बाईंच्या हाताखालून हजारो बाळं गेली, पण चार दिवसांहून मोठं त्यातलं एकही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना स्वतःला मूल नव्हतं का? होतं की. एक मुलगी होती. पण तिच्या जन्मानंतर दीड महिन्यात बाई कामावर परतल्या, आणि ती पोर सासूबाईंच्या मांडीवर, डब्याच्या दुधावर वाढली. पहिला दात कधी आला, पहिला घास कोणता खाल्ला, हे बाईंना संध्याकाळी घरी आल्यावर कळायचं. त्याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. डब्यावर मात्र जन्मभर दात धरला.

तीच मुलगी पुढे त्यांच्याच वॉर्डात बाळंत झाली. मुलगा झाला. पहिले आठ दिवस दूध धड उतरेना. बाळ रडून रडून लालभडक व्हायचं आणि मुलगी त्याच्याबरोबर रडायची. जावयाने चाचरत डब्याचा विषय काढला, तर बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बिचारा त्यांच्यासमोर पुन्हा बोलला नाही. बाई रजा टाकून लेकीच्या घरी जाऊन राहिल्या, दर दोन तासांनी बाळ छातीशी लावलं, आणि नवव्या दिवशी असं दूध उतरलं की पोरीचे कपडे भिजून गेले. स्वयंपाकघराचं दार लोटून बाई तिथे मनसोक्त रडल्या. जे आपल्याला जमलं नाही ते लेकीला जमवून दिलं, असं त्यांना वाटलं.

बाळ बाळसेदार झालं. चौथ्या महिन्यात तर मनगटाला वळ्या पडल्या. रंगाने ते दिवसेंदिवस उजळत चाललं होतं, म्हणून बाईंनीच त्याला लोण्या म्हणायला सुरुवात केली. बघताबघता घरभर तेच नाव झालं.

सहा महिने झाले तेव्हा मुलीने केळं कुस्करून वाटीत घेतलं. बाई समोरच बसल्या होत्या. पहिला चमचा लोण्याने जिभेने बाहेर ढकलला. दुसरा हनुवटीवर आला. तिसऱ्याला त्याने असं तोंड केलं की दोघी हसून बेजार झाल्या. आणि मग बाई म्हणाल्या, "राहू दे गं. नको म्हणतोय तर कशाला मागे लागतेस? तुझं दूध आहे तोवर त्याला कशाचीही कमी पडायची नाही."

मुलीने वाटी बाजूला ठेवली. तीस वर्षं जी बाई आख्ख्या वॉर्डाला दुधाबद्दल शिकवते, तिच्या शब्दावर तिची लेक कशाला शंका घेईल? महिन्याभराने तिने पुन्हा एकदा चमचा पुढे केला, लोण्याने पुन्हा मान फिरवली, आणि मग तिने तो नादच सोडला.

लोण्या मोठा शांत पोर. त्याच्या वयाची इतर मुलं घरभर रांगून उच्छाद मांडत. हा जिथे बसवावा तिथे बसून राही. प्यायचा, झोपायचा, पुन्हा प्यायचा. "किती शहाणं बाळ आहे हो!" शेजारपाजारच्या बाया म्हणत, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे. खिडकीखालच्या भिंतीचा पोपडा निघाला होता. लोण्या त्याचे तुकडे बोटाने टोकरून तोंडात घालायचा. वर्तमानपत्र हाताशी आलं तर त्याचा कोपरा चघळत बसायचा. "बघ, आत्तापासून पेपर वाचतोय," बाई म्हणायच्या. पिताना मात्र त्याला मध्येच दम लागे. डोक्याला घाम येई, थांबून थांबून पीत असे. उकाडा आहे, दुसरं काय, असं त्या म्हणाल्या.

नवव्या महिन्यात मुलगी त्याला लस द्यायला घेऊन गेली. घरी येऊन तिने आईला फोन केला.

"आई, लस देणारी म्हणत होती, हा अजून काहीच खात नाही म्हणजे बरोबर नाही. लोह कमी पडतं म्हणाली. रक्त तपासून घ्या म्हणाली."

"कोण ती? परवा परवा कोर्स केलेली पोरगी? सुया टोचायच्या सोडून नसती उठाठेव!" बाईंचा पारा चढला. "वजन बघितलं का तिने त्याचं? एवढं गुटगुटीत बाळ, आणि उगाच सुया खुपसून त्याचं रक्त काढायचं? आईच्या दुधातलं लोह बाळाच्या अंगी सगळ्यात छान लागतं, हे माहीत आहे का तिला?"

"हो, पण आई..."

"पण नाही नि बिण नाही. मी सांगते ना?"

बाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं. दुधातलं लोह अंगी लागतं, पण ते असतंच चिमूटभर. परीक्षेसाठी हे दोन्ही त्यांनी एकाच पानावर वाचलं होतं, आणि तीस वर्षांत त्यातलं एकच त्यांच्या लक्षात उरलं होतं.

त्यानंतर दीड महिन्याने, एका शनिवारी सकाळी, वॉर्डात एका पोरीला बाळंतपणानंतर फार रक्तस्राव झाला. सगळ्यांची धावपळ उडाली. बाईंनी तिची पापणी ओढली, तर आत लाल म्हणून काही नव्हतंच, कोऱ्या कागदासारखं पांढरं. दोन पिशव्या रक्त चढवलं, पोरगी वाचली. सगळं निस्तरून दुपारी सिस्टरबाई नेहमीप्रमाणे लेकीकडे गेल्या. अजून हातपाय भरून आलेले होते.

लोण्या खिडकीशी बसला होता. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. सकाळपासून अंगठा तेच काम करत होता, त्याने आपसूक तेच केलं. लोण्याची खालची पापणी हलकेच ओढली गेली.

आत कोरा कागद होता.

बाईंनी लगेच दुसरा डोळा बघितला, तोही तसाच. त्यांनी त्याचा तळवा उघडून आपल्या तळव्यावर ठेवला, नखं दाबून बघितली, छातीवर हात ठेवला. इवलीशी छाती धडधड धडधड करत होती, नुसतं बसल्या बसल्या. आणि तोंडावरचा तो रंग, ज्याचं इतके महिने कौतुक केलं, ज्याच्यावरून नाव ठेवलं, तो रंग काय होता ते त्या खिडकीच्या उजेडात बाईंना लख्ख दिसलं.

"आई, काय झालं?" मुलगी चहा घेऊन आली होती.

"ऊठ. त्याला शालीत गुंडाळ. दवाखान्यात जायचंय."

"अगं, पण झालं काय?"

"चल म्हटलं ना!" बाई ओरडल्या, आणि लोण्या दचकलासुद्धा नाही.

मुलांचा विभाग प्रसूती विभागाच्या वरच्याच मजल्यावर होता. तीस वर्षांत बाई तो एक जिना कामाशिवाय कधी चढल्या नव्हत्या. मुलांचे डॉक्टर ओळखीचे. शिकत असताना हा माणूस बाईंच्या हाताखाली सहा महिने होता, नवं बाळ कसं धरायचं ते त्याला त्यांनीच शिकवलं होतं. डॉक्टरांनी लोण्याला तपासलं, रक्त काढायला लावलं. तासाभरात कागद आला. हिमोग्लोबिन चार पूर्णांक एक. अकरा तरी हवं.

"वरचं काय काय खातो?" डॉक्टरांनी मुलीला विचारलं.

"काही नाही. अंगावरच पितो."

"काहीच नाही? साडेदहा महिन्यांचा आहे हा!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, आईच्या पोटातून बाळ लोहाचा साठा घेऊन येतं, तो पुरतो सहा महिने. पुढे दूध कितीही पाजलं तरी त्यात लोह ते किती असणार? डाळ, अंडं, भाज्या, काहीतरी पोटात जायला नको का? त्याच्या हृदयावर ताण आलाय. रक्त द्यावं लागणार आहे, तेही थेंबाथेंबाने, जपून. कुणी सांगितलं होतं तुम्हाला काही देऊ नका म्हणून?"

खोलीत पंखा फिरत होता. बाई लेकीच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलीने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. "मलाच वाटलं, दूध पुरेल."

"कमाल आहे. सिस्टरांसारखी आई घरात असून?" डॉक्टर बाईंकडे बघून म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, निव्वळ नवल होतं. "तुम्हाला हिने कधी विचारलं नाही का हो?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. डॉक्टरांनी नाही असं समजून लिहायला घेतलं.

लोण्याच्या हाताची शीर सापडेना. शेवटी पायाला सुई लागली. एरवी बाळं सुईला किंचाळून मजला डोक्यावर घेतात, हा नुसता कण्हला. लाल नळी त्याच्या पायाकडे जाताना बघून मुलगी खाटेच्या कडेला बसली ती उठलीच नाही. जावई कामावरून धावत आला. डॉक्टरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि मग तो बायकोजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी आधीपासून म्हणत होतो, वरचं देऊ या. नऊ महिन्यांचा झाला तेव्हाही म्हटलं. तू ऐकायलाच तयार नव्हतीस." मुलीने लोण्याच्या अंगावरची शाल सारखी केली. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. पाणी हवं का, जेवणाचा डबा आणू का, एवढंच.

हे सगळं बाईंनी बघितलं. आता सांगावं, असं त्यांच्या मनात सतरा वेळा आलं. आधी वाटलं, रक्त चढू दे, मग सांगू. मग वाटलं, सगळ्यांसमोर नको, डॉक्टरांना एकटं गाठून सांगू. डॉक्टर एकटे जिन्यात भेटले, तर बाईंनी त्यांना हवापाण्याचं विचारलं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर कुजबुज जायला कितीसा वेळ लागतो! डबाबंदीच्या नातवाला रक्त चढवलं, पण का, ते कुणाला कळलं नव्हतं. खालच्या बाया उलट त्यांच्याबद्दल हळहळत होत्या. "पोरीने ऐकलं नसेल हो. आजकालच्या मुली." वॉर्डातली आया असं म्हणाली, आणि बाई ते ऐकून गप्प राहिल्या. लाज वाटली, जीव नकोसा झाला, तरी गप्प राहिल्या.

तिसऱ्या दिवशी एक बाळंतीण घरी निघाली. बाईंचं भाषण सुरू झालं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणी नाही, मध नाही. आणि पुढचं वाक्य तोंडात आलंच नाही. ती पोरगी पिशवी खांद्याला अडकवून वाट बघत उभी राहिली.

"आणि सहा महिन्यांनी वरचं द्यायचं," बाई म्हणाल्या. "त्याने थुंकलं तरी द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचं. कुणी काही सांगो. मी सांगितलं तरी ऐकायचं नाही."

पोरगी गोंधळून हसली. बाई औषधांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी लोण्याला घरी सोडायचं ठरलं. हिमोग्लोबिन आठपर्यंत आलं होतं. ओठांवर जरासा रंग दिसत होता, पाय झाडत होता. पुढे कित्येक महिने लोहाचे थेंब द्यायचे होते. हाताखालच्या डॉक्टरीणबाई घरी न्यायचा कागद सगळ्यांना वाचून दाखवत होत्या. थेंब किती, कधी, दुधाबरोबर नको. वरच्या बाजूला आजाराची हकिगत होती, तीही त्यांनी एका दमात वाचली. "आईने स्वतःच्या विचाराने वरचं अन्न सुरू केलं नाही."

जावई खिडकीबाहेर बघत होता. मुलगी लोण्याच्या पायावरची पट्टी सोडवत होती.

"ते वाक्य चुकलंय," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्या विचाराने," बाई म्हणाल्या. "सहाव्या महिन्यात ती भरवत होती. मी म्हटलं, राहू दे. नवव्या महिन्यात तिने फोन करून विचारलं, रक्त तपासू का. मी म्हटलं, नको. दोन्ही वेळा मीच नको म्हटलं. हे लिहा तिथे."

मुलांचे डॉक्टर फेरीवर होते, ते पुढे आले. मग त्यांनी कागद स्वतःकडे घेतला, ती ओळ खोडली आणि वर नवी लिहिली. जावयाने आधी बायकोकडे बघितलं, मग सासूकडे, आणि औषधं आणतो म्हणून तो निघून गेला. डॉक्टरही पुढच्या खाटेकडे वळले.

"मला माफ कर गं," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी मी गप्प राहिले," मुलगी पट्टी गुंडाळत म्हणाली. "तुझी खाली एवढी इज्जत. म्हटलं, माझ्या तोंडून नको. तू सांगशील. तासाभराने सांगशील, मग वाटलं संध्याकाळी सांगशील. मग मी वाट बघायची सोडून दिली."

मुलगी रडत नव्हती. ती रडली असती तर बाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता.

"आई," मुलगी म्हणाली. "रक्त भरून येईल, ते डॉक्टर म्हणाले. पण तो अजून रांगत नाही. बाबा-मामा काही म्हणत नाही. मेंदूला लोह कमी पडलं त्या दिवसांचं काय, ते विचारलं तर म्हणाले, बघू. हे सगळं येईल ना त्याला? पहिल्यासारखा होईल ना?"

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. न होऊन जाईल कुठे, मी सांगते ना? तीस वर्षं असंच तर सांगत आल्या होत्या. लेक अजूनही त्यांच्याच तोंडाकडे बघत होती, एवढं सगळं होऊनही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली. घरून आणलेली वाटी तिने उघडली. डाळ आणि बटाटा एकत्र कुस्करलेला होता. लोण्याला मांडीवर नीट टेकवून तिने चमचा त्याच्या ओठांशी नेला. लोण्याने तो घेतला, क्षणभर तोंडात ठेवला, आणि जिभेने सगळाच्या सगळा हनुवटीवर ढकलून दिला.

मुलीने सवयीने आईकडे बघितलं. बघितल्यावर तिचं तिलाच कळलं. तिने नजर वाटीकडे वळवली.

"आई, तू जरा बाहेर थांबशील?"

बाई उठल्या. दार आपल्यामागे लोटून घेतलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. खाली त्यांच्या वॉर्डात नुकतं जन्मलेलं कुणीतरी टाहो फोडत होतं. इकडे आत वाटीवर चमचा वाजला. थोडा वेळ काही नाही, मग लोण्याची कुरकुर, मग मुलीचा दबका आवाज. बाई गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिल्या. चमचा पुन्हा वाजला.